माझा दाखला आणि सपनाच्या ज्योत्स्ना मॅडम

...आणि गाईडसुद्धा नाही हो! पुस्तक आहे, वही आहे, पण गाईड नाही! मग उत्तरं काढायची कुठून? माझी सपना यंदा अकरावीला गेली, चाचणी घेऊन वीस पोरी निवडल्या, त्यांचा इतिहासाचा वेगळा वर्ग, वरच्या दर्जाचा म्हणे, त्यात हिचं नाव... गल्लीत पेढे मीच वाटले, कबूल. पण पहिल्या दिवशी पोरगी घरी आली, पाणी प्यायली आणि माझ्याकडे टक लावून बघत बसली. म्हटलं, "काय गं, काय शिकवलं?" तर म्हणे, "काही नाही. ज्योत्स्ना मॅडमनी फळ्यावर एकच ओळ लिहिली. 'हे तुम्हाला कोणी सांगितलं?'" बस्स! तुम्हाला सांगते, वीस वर्षं मी मिलमध्ये डाळ निवडते, खडा डोळ्याला दिसायच्या आधी माझ्या बोटाला कळतो. मी तेव्हाच म्हटलं, हे काही चांगल्याचं लक्षण नाही!

दुसऱ्या दिवसापासून घरात तेच. आमचे हे रिक्षा लावून आले, जेवता जेवता म्हणाले, "माझा आजोबा एका दमात चाळीस भाकरी खायचा." पोरगी घास खाली ठेवून म्हणते, "हे तुम्हाला कोणी सांगितलं? मोजणारा कोण होता?" हे हसले! यांचं काय जातंय हसायला? यांच्याकडे लपवायला काही नाही, यांना काल काय खाल्लं ते आठवत नाही! मी नाही हसले. माझी भाकर तव्यावर करपली.

आणि चौथ्या दिवशी आलं की हो ते! घरचा अभ्यास! 'माझ्या आईची शाळा का सुटली.' आईचं नुसतं तोंडी चालणार नाही, शाळेच्या रजिस्टरातली नोंद आणायची, पंधरा दिवसांत, नाही आणली तर परत साध्या वर्गात! आता बोला! जगात एवढे राजे मेले, एवढ्या लढाया झाल्या, आणि ह्या बाईला माझी चौथी पाहिजे?

तुम्हाला म्हणून सांगते, कुठे बोलू नका. सोळा वर्षं मी ह्या पोरीला एकच गोष्ट सांगत आले. की मी चौथीत पहिली होते, पण आबांनी, म्हणजे माझ्या बापाने, लग्न लावून दिलं आणि माझी शाळा बुडवली, नाहीतर आज मास्तरीण असते. हे ऐकून ऐकून पोरगी शिकली हो! अभ्यासाला कंटाळली की आबा काढायचे. झोप आली की आबा. गणित चुकलं की आबा! मेलेला माणूस, तक्रार करायला थोडाच येतो? पण पोरीने त्यांचा फोटोसुद्धा भिंतीवर लावू दिला नाही. म्हणायची, "त्या माणसाचं तोंड नको मला." आणि मी तो ट्रंकेत ठेवून दिला.

म्हटलं, "सपना, त्या शाळेचं रजिस्टर वाळवीने खाल्लं." तर काय म्हणाली असेल? "हे तुला कोणी सांगितलं?"

मग मला युक्ती सुचली. अहो, माझं लिलाबाई हे नाव तर लग्नात ठेवलेलं, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं! माहेरी मी भिकू. माझ्याआधीची दोन जगली नाहीत, म्हणून आईने भीक मागून घेतल्यासारखं नाव ठेवलं. हे पोरीला माहीतच नाही! म्हटलं, जा. साक्रीच्या गाडीत बस, पुढे माहेरी माझी मावशी आहे, झुंबरबाई, तिला घेऊन शाळेत जा. शोध म्हणावं लिला! वर्ग जाईल तिचा, हेही मनात आलं... आलं आणि मी ते बाजूला सारलं. आई म्हणायची का मला? पण जिवात जीव नव्हता हो.

शनिवारी फोन आला. "आई, हेडमास्तर म्हणताहेत लिला नावाची मुलगी ह्या शाळेत नव्हतीच. माझा वर्ग गेला गं." रडत होती. मी म्हटलं, "जाऊ दे बेटा..." आणि मागून झुंबरमावशीचा आवाज! "लिला नही वं, भिकू शे ती! बठ्ठा गावले माहीत शे! भिकू देखा मास्तर, भिकू!" सगळ्या गावाला माहीत, म्हणे! हे काही चांगल्याचं लक्षण नव्हतं. फोन बंद झाला.

संध्याकाळी पोरगी आली. कागद माझ्यापुढे ठेवला नाही, वाचून दाखवला, सावकाश, तहसीलदारासारखा. "भिकू. इयत्ता चौथी, नापास. सतत गैरहजर. वडील तीन वेळा शाळेत येऊन मुलीला बसवून गेले. मुलगी पळून जाते. नाव कमी करू नये अशी वडिलांची विनंती." खाली आबांचा अंगठा. मग म्हणाली, "तुझं लग्न ह्याच्यानंतर आठ वर्षांनी झालं, आई. तारखा पाहिल्या मी."

ओरडली असती तर मी पण ओरडले असते, मला येतं ते! पण तिने ट्रंकेतून आबांचा फोटो काढला, माझ्या पदराने नाही, स्वतःच्या ओढणीने पुसला, आणि लावला चुलीसमोरच्या भिंतीवर. आता भाकरी थापताना मान वर केली की आबा.

तिचा वर्ग राहिला, बरं का. मॅडमनी शाबासकी दिली, आणि निरोप पाठवला, "सोमवारी आईंना घेऊन ये. खरं काय झालं ते वीस पोरींना त्यांच्याच तोंडून ऐकू दे." मी म्हटलं मला ताप आहे. पोरीने कपाळाला हात लावला. मी म्हटलं मिलला सुट्टी नाही. ती मिलमध्ये विचारून आली!

जाते बाई सोमवारी. पळून जाऊन जाणार कुठे? आबा तीन वेळा शोधायला आले आणि दमले. ही दमत नाही.