धरणातली लाथ

नांदेडजवळच्या धरणावरची पोहणे, सायकल आणि धावणे अशी ट्रायथलॉन शर्यत पूर्ण करून प्राध्यापक अंबरीश एसटीने लातूरला परतत होता. पुढच्या सीटवर त्याच शर्यतीतला एक स्पर्धक आणि त्याची बायको बोलत होते.

"सहा महिने पहाटे उठलाव, अन् सायकलला हातबी लावला न्हाई?"

"पोहण्यातच वेळ संपला, दामिनी. मग पुढं जाऊ देत न्हाईत."

"तुम्ही तर लई जोरात पोहता!"

"एकजण घाबरून माझ्या खांद्याला लटकला. त्याला तरंगत्या पिंपापर्यंत ओढत नेलं. तिथं त्यानं दम खाल्ला, अन् मला लाथ मारून निघून गेला."

अंबरीशची मान खाली गेली. ती लाथ त्याचीच होती.

"कोण होता मेला?"

"सगळ्यांना टोपी अन् चष्मा. कसा ओळखणार?"

"म्हणून दुपारपर्यंत उन्हात थांबलाव का, त्याला धरायला?"

"न्हाई गं. तो जिता बाहेर आला का न्हाई, तेच बघत होतो. लई घाबरला होता."

अंबरीशला राहवलं नाही. तो पुढे वाकला.

"आला तो बाहेर. शर्यतही पूर्ण केली त्याने."

"हाव? लई बरं झालं, सर. जिवाला घोर लागला होता."

दामिनीने मात्र मागे वळून अंबरीशकडे नीट पाहिलं.

"तोच होता, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

लातूर अजून लांब होतं, पण चाकूरचा स्टँड येताच अंबरीश पिशवी उचलून खाली उतरला.