सुटली गंगारामवर

…नाही, पण मी म्हणतो, ह्याला गाणं म्हणायचं का, तुम्हीच सांगा. पोरगी माझी, मनिषा, लोट्याला केमिकल कंपनीत, पर्मनंट बरं का, कंपनीची बस न्यायला-आणायला, आणि ती घरी येऊन सांगते, ‘आबा, नोकरी सोडतेय, आमचा रॉकचा पहिला आल्बम झाला.’ आल्बमचं नाव काय? ‘वास येतोय का?’ आता एसटीत आम्हा मासळीवाल्यांना लोक आयुष्यभर हेच विचारतात, त्याचा ही बाय आल्बम काढते.

मी म्हटलं, सोडायची नाही. तर म्हणते, ‘बरं, आज लिलावाआधी बंदरावर वाजवते. शेवटच्या गाण्यात मी माझी नोकरी लिलावात काढलीय. तिला एक जरी बोली लागली तर मी सुटले. नाही लागली तर सोमवारी गपचूप बसमध्ये बसते.’ मी लगेच हो म्हटलं. हर्णेच्या बंदरावर सुरमई सोडून गाण्यावर बोली लावणार कोण?

तो सर्वेश, तिचा गिटारवाला, त्याने नि त्यांच्या ड्रमवाल्याने स्पीकर आमच्याच होडीवर चढवला. पहिलं गाणं, सुक्या बोंबलाची पिशवी घेऊन एसटीत बसलेल्या बाईचं… असा दणका सुरू झाला की मला वाटलं इंजिन गेलं. दुसरं, कोळंबी सोलून मागणाऱ्या नवऱ्यामुलाला नकार देणाऱ्या मुलीचं. ह्याला गाणं म्हणायचं? आमची बायको, धोंडूबाई, पदर तोंडात कोंबून हसतेय, बर्फवाले बर्फ फोडायचे थांबलेत. आणि मग, तुम्हाला सांगतो, तिघांचे आवाज एकदम लागले ना… एक वर, एक खाली, मधला माझ्या मनिषाचा… मी चाळीस वर्षं समुद्र ऐकलाय हो, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. हे माझ्या घरातून निघालं? माझ्या? मला मेल्याला पत्ताच नाही.

मग ते शेवटचं गाणं. ‘घ्या हो घ्या, पर्मनंट नोकरी, ताजी आहे, बर्फातली आहे, सोबत बसमधली खिडकी…’ सगळे हसतायत, बोली कोणीच लावत नाही. गाण्यात एक वार झालं. दोन वार झालं. आणि तिथे गिटार थांबली, सगळं थांबलं, नुसता तिचा आवाज तेवढा लांबत राहिला. मी जिंकत होतो. पण आमच्या पोरीचा माल मांडलाय, एवढ्या सुरात मांडलाय, आणि बंदरावर एक हात वर नाही? मी बघतो तर हात वर. कोणाचा? माझाच.

धाकू, आमचा लिलाववाला, सवयीचा गुलाम, तो ओरडला, ‘तीन वार. सुटली गंगारामवर.’ म्हणजे माझ्याच नावावर. मी म्हटलं, ‘अरे धाकू, ह्याला गाणं म्हणतात.’ तो म्हणाला, ‘असेल. वर गेलेला हात हर्णेत खाली घेत नाहीत.’

खरंय ते, मीच दुसऱ्यांना ऐकवत आलोय. पोरगी निघाली पुण्याला, कार्यक्रम आहे म्हणे. डोळे पुसत पाया पडली, मीही पुसले, लपवत नाही.

आणि धोंडूबाई काय म्हणते? ‘अहो, उद्या सोमवार. बसमध्ये खिडकी मिळालीय तुम्हाला. डब्याला काय देऊ?’

सांगितलं, सुके बोंबील दे. विचारू देत कंपनीवाल्यांना, वास येतोय का.