तहान

आकुर्डीच्या दवाखान्यात नव्या कामगारांची तपासणी चालली होती. बाकावर बसलेल्या अनंताला नको असतानाही पडद्याआडचं सगळं ऐकू येत होतं. आत डॉक्टर होते आणि अनंताच्याच शिफ्टचा ज्योतीराम.

"निळं औषध घालून लघवी उकळली, तर रंग विटकरी झाला. साखर दिसतेय. आता उपाशीपोटी रक्त तपासू. तहान फार लागते?"

"न्हाई."

"वजन उतरलंय?"

"न्हाई, सायेब."

"मग असं कसं?"

"बाटली माजी न्हाई. काय निघालं तर नोकरी जाईल, म्हनून बायकोची आनली."

"त्यांना तहान लागते?"

"रातभर पानी पिती. चाळीत नळाला एकदाच पानी येतं, म्हनून मी पिंपाला कुलूप लावलंय."

"किल्ली कुठंय?"

"हितं. माज्या खिशात."