फुकटचा पॉवर सप्लाय आणि एकतिसावी कॅसेट

मंडळी, ऐका! मोबाइल खिशात जाऊ द्या, चित्त इकडे येऊ द्या, आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. मला नको — मनातल्या मनात, स्वतःला.

हात आखडता घ्यायची वेळ आली, की माणूस पहिली काटछाट कुठं करतो?

लग्नाच्या मांडवात? नाही! दारावरच्या पाटीत? छे! काटछाट करतो तिथं, जिथं पाहुण्याची नजर पोचत नाही. भिंतीला बाहेरून रंग, आतून ओल. शर्टाला कडक इस्त्री, बनियनला खिडक्या! — हसू नका, पुढच्या रांगेतले विशेषतः. मला इथून फक्त कॉलर दिसते. बाकीचं परमेश्वराला दिसतं.

आता काटकसर हे पाप नव्हे. पैसा कमी असला की काटकसर करावीच लागते, आणि पैसा जास्त आहे असं म्हणणारा गृहस्थ मला अजून भेटायचाय. प्रश्न तो नाही. प्रश्न हा, की काटकसर कुठं करू नये? पुराणं चाळलीत तर उत्तर सापडेल. पण मी आज जवळचं सांगतो. आजचं आख्यान आहे एका संगणकाचं.

काय आजोबा, दचकलात? पुराणात विमान चालतं, मग कीर्तनात संगणक चालत नाही? चालतो! कशाच्या जोरावर चालतो, तेच तर सांगायला उभा आहे.

तर मंडळी — नांदशी नावाचं एक गाव. गावात रामाचं देऊळ, देवळाच्या माडीवर वाचनालय, आणि त्या वाचनालयात रोज दुपारी येऊन बसणाऱ्या द्वारकाबाई नलवडे. जिल्हा परिषदेच्या शाळेत सारा जन्म शिकवलं. वय चौऱ्याहत्तर. गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणतं.

या बाईंनी तरुणपणी एक उद्योग केला होता. शाळा सुटली की छोटा टेपरेकॉर्डर पिशवीत घालायचा आणि दारोदार जायचं. "मावशी, जात्यावर काय म्हणायचात, ते म्हणा की!" मावशी लाजायची, पदर तोंडावर घ्यायची, "अगं बाई, आमचं काय ऐकतीस, आम्ही अडाणी" म्हणायची — आणि एकदा सुरू झाली की थांबायची नाही! अशा चौऱ्याण्णव कॅसेटी. आणि एक वही. वहीत प्रत्येक कॅसेटीचा नंबर, बाईचं नाव, वय, ओव्या किती.

मंडळी, त्या चौऱ्याण्णव बायकांपैकी आज एकही हयात नाही. आवाज तेवढे उरले होते, आणि तेही मरायला टेकले होते! कॅसेटीची फीत जुनी झाली की तिच्यावरचा थर भुकटी होऊन गळतो. तालुक्याच्या गावी यासीनभाई मुल्ला म्हणून कारागीर. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता संगणक. त्यांनी एक कॅसेट उजेडात धरली आणि म्हणाले, "बाई, ही अजून एकदा वाजंल. एकदाच. त्या एका वेळेत संगणकात भरून घेतली तर राहिली. नाहीतर देवाघरी."

एकदाच! कळतंय का? माणसाला दुसरा श्वास आहे, त्या फितीला नव्हता!

बाई देवस्थान समितीकडे गेल्या. अध्यक्ष आबासाहेब थोरवत. माणूस वाईट नाही हं! दिलदार. देवळातले सहा पंखे त्यांनी दिलेले. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे — पंखा दिला की पात्यावर नाव येतं. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ.' पंखा फिरायला लागला की नाव दिसेनासं होतं! म्हणजे दात्याचं नाव वाचायचं असेल तर भक्तांनी घामाघूम व्हायचं. मी एका देवळात पाहिलंय, ऐन उन्हाळ्यात पंखे बंद. का? तर म्हणे, दात्याचे पाहुणे आलेत!

असो. आबा म्हणाले, "बाई, काळजी सोडा. लोकवर्गणीतून संगणक घेऊ. रीतीप्रमाणं ज्यानं जो भाग दिला, त्याचं नाव त्या भागावर."

झालं! मॉनिटर कुणाचा? आबांचा — 'कै. सखाराम बापू थोरवत यांच्या स्मरणार्थ', त्यांचे वडील. कीबोर्ड दिला निवृत्त पोस्टमास्तरांनी. माउस दिला भिशीच्या महिला मंडळानं. अकरा जणींची नावं त्या माउसवर, बोट ठेवायला जागा उरली नाही. दूध संस्थेनं डबा दिला, ज्याला कॅबिनेट म्हणतात तो. एका बाजूला काच, आत तांबडेनिळे दिवे. गणपतीची आरासच!

यासीनभाई म्हणाले, "आबा, पॉवर सप्लायचं कोण बघतंय?"

"ते काय असतं?"

"भिंतीतली वीज आत घेतो, आणि ज्याला जेवढी सोसंल तेवढीच वाटून देतो. तो बरा तर सगळं बरं. तो बिघडला, तर एकटा मरत नाही. बरोबर दोघातिघांना घेऊन जातो."

"त्याच्यावर नाव कुठं टाकायचं?"

"नाव नाही टाकता येत, आबा. आत असतो. झाकलेला."

मंडळी, ज्या गावानं माउसवर अकरा नावं बसवून दाखवली, त्या गावात झाकलेल्या वस्तूला एक दाता मिळेना! शेवटी आबांनाच तोड सुचली. "अहो यासीनभाई, कॅबिनेटबरोबर एक फुकट येतोय की! आणि त्याच्यावर साडेसातशे वॅट लिहिलंय."

"आबा, लिहायला काय. माझ्या सायकलवर मी विमान लिहीन. उडंल का?"

लोक हसले. यासीनभाईही हसले. आणि फुकटचा बसला. हसण्यावारी गेलेला शहाणपणा, मंडळी — आपल्या गावोगावी त्याचे ढिगारे पडलेत!

बाईंनी काम सुरू केलं. दुपारी दार लावून घ्यायचं, रामाला नमस्कार करायचा, कॅसेट लावायची. एक बाई गायची, संगणक ऐकायचा, द्वारकाबाई डोळे मिटून बसायच्या. तीस कॅसेटी झाल्या. दर रविवारी यासीनभाई यायचे आणि झालेल्या कामाची नक्कल दुसरीकडं काढून ठेवायचे.

एकतिसावी लागली सोमवारी. पाऊण तास वाजली. शेवटची ओवी संपली, बाईंनी जपून ठेवण्याचं बटण दाबायला हात पुढं केला — आणि फट्! दिवे गेले, पडदा काळा, आणि काचेच्या आतून करपल्याचा वास.

कॅसेट? ती मागं फिरवायला गेल्या, तर फीत मधोमध तुटली. बोटाला नुसती तपकिरी भुकटी लागली.

यासीनभाईंनी येऊन तो सप्लाय उघडला. आत काय होतं सांगू? चार तारा, बोटाएवढे दोन तुकडे, आणि तळाशी चिकटवलेला सिमेंटचा गोळा! कशाला? तर हातात घेतल्यावर जड लागावा म्हणून! दुकानदार वजनात मारतात ते ऐकलं होतं. हे वजन घालून मारणारे निराळेच! जाताना तो सप्लाय संगणकाचा बोर्ड आणि डिस्कही घेऊन गेला. नक्कल होती म्हणून तीस वाचल्या. एकतिसावी गेली.

समितीनं मोडतोड भरून काढली. शेवटी शिल्लक उरले दोन हजार आठशे रुपये, आणि घ्यायचा होता पॉवर सप्लाय. आबा आणि बाई यासीनभाईंच्या दुकानात गेले. आता कान द्या, इथं परीक्षा आहे!

यासीनभाईंनी दोन खोकी मांडली. किंमत जवळजवळ सारखी. एकावर साडेसातशे वॅट, आत रंग बदलणारा पंखा, काचेतून लखलखणारा. दुसरा काळा ठोकळा. साडेचारशे वॅट. ना दिवा, ना शोभा.

आबा म्हणाले, "ह्यात विचार काय करायचा? साडेसातशे मोठे का साडेचारशे?"

"बाई," यासीनभाई म्हणाले, "पाठीवरचा तक्ता वाचा. बारा व्होल्टच्या खाली काय लिहिलंय? संगणक मुख्यतः तेवढ्यावरच जगतो."

बाईंनी चष्मा चढवला. "लखलखत्यावर अठरा अँपिअर."

"बारा आणि अठराचा गुणाकार करा."

"अठरा बारे दोनशे सोळा!" शाळा सुटली तरी पाढे सुटत नाहीत, मंडळी!

"आणि काळ्यावर छत्तीस."

"छत्तीस बारे चारशे बत्तीस."

"बघा. हा साडेचारशे सांगतो आणि चारशे बत्तीस एकट्या त्या ओळीवर देतो. तो साडेसातशे सांगतो आणि दोनशे सोळा देतो. आपल्या संगणकाला लागतात दोनशेच्या आतबाहेर. खरे साडेचारशे पुष्कळ झाले, खोटे साडेसातशे घेऊन काय लोणचं घालायचं? ह्या काळ्याला पाच वर्षांची हमी आहे. त्याला किती? एक. आणि वजनावर जाऊ नका, वजनाचं आपण बघितलं."

केवढं सोपं! पैसा थोडा असेल तर आकडा लहान घ्या, पण खरा घ्या. शोभा सोडा, हमी धरा. गुरूनं कानात मंत्र सांगावा तसं सांगितलं. पण आबांची नजर कुठं? काचेच्या दिव्यांवर!

"नाही हो," आबा म्हणाले, "हा लावला तर मॉनिटरशेजारी उजेड पडंल. वडिलांचं नाव उठून दिसंल. आणि बाई, एक कॅसेट गेली ना? त्र्याण्णव राहिल्या की! बायाबापड्यांची गाणी, सगळी सारखीच."

मंडळी, द्वारकाबाई आठ दिवस गप्प होत्या. आणखीही गप्प राहिल्या असत्या. पण हे वाक्य ऐकलं आणि त्यांनी पिशवीतून वही काढली, पान उलगडलं आणि आबांच्या पुढ्यात ठेवली.

"वाचा."

आबा वाचू लागले. "एकतीस. यमुनाबाई सखाराम थोरवत. वय पासष्ट. ओव्या अकरा. मध्येच हस..."

आबांनी त्या नावावर बोट ठेवलं.

"ही... आमची आई."

"हो."

"बाई, तुम्ही सांगितलं नाहीत!"

"दोन वर्षं सांगत होते, आबा. एकदा येऊन ऐका म्हणत होते. तुम्ही म्हणायचात, संगणक येऊ दे, मग निवांत ऐकू."

यासीनभाईंनी दुकानातला पंखा बंद केला. का केला, त्यांनाही सांगता आलं नसतं.

ज्या बापाचं नाव झळकावं म्हणून आटापिटा, त्याच्याच शेजारची जन्माची सोबतीण. तिचं नाव ना पंख्यावर, ना मॉनिटरवर. तिचा आवाज तेवढा होता. तो पोरानं फुकटच्या डब्याला बांधून घालवला. जाणूनबुजून नाही हो! पण फितीला काय, जाणून काय आणि अजाणता काय?

आबांनी काळा ठोकळा उचलला. यासीनभाईंनी सवयीनं विचारलं, "आबा, ह्याच्यावर नावाची चिठ्ठी छापायची का?"

"नको."

बत्तिसावीपासून चौऱ्याण्णवावीपर्यंत, मंडळी, सगळ्या कॅसेटी भरून झाल्या. एकदाही तो काळा ठोकळा कुरकुरला नाही. आणि रोज दुपारी आबा त्या माडीवर येऊन बसायचे. दुसऱ्यांच्या आया ऐकायला!

शेवटची झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, आमच्या आईची... एखादी तरी?"

"अकरातली एक आठवते." आणि बाईंनी संगणकासमोर बसून म्हटली —

दळण दळिते गं, पीठ पडे भुरूभुरू
बाळ निजलं मांडीशी, जात्या नको रे घरघरू!

कळलं का हे बाळ कोण? सहासष्ट वर्षांचं ते बाळ समोर स्टुलावर बसलं होतं. मांडी नव्हती, जातं नव्हतं. खाली देवळात कुणी घंटा वाजवली, तेवढीच.

"आवाज तिचा नाही, आबा," बाई म्हणाल्या. "शब्द तेवढे तिचे."

आबांनी मान हलवली. मग म्हणाले, "हसली कुठं ती? वहीत लिहिलंय, मध्येच हसते. कुठं हसली?"

बाईंनी पुष्कळ आठवून पाहिलं.

"नाही आठवत, आबा."

...

मंडळी, ते हसू कुठल्या ओवीत होतं, हे आता या त्रिभुवनात कुणालाही ठाऊक नाही. संगणक नवा मिळतो, डिस्क नवी मिळते. हे नाही मिळत. आणि ते गेलं कशापायी? आपण झाकलेल्या वस्तूला दाता शोधला नाही, त्यापायी.

आता नांदशी राहू द्या नांदशीला! तुमच्याकडं येऊ. आज दुपारी हा माइक तपासायला मी हात लावला, आणि मंडळी, मला असा झटका बसला की मंगलाचरण आपोआप झालं! चौकशी केली. कळलं, की या सभामंडपाला अर्थिंगच नाही. संगमरवर आहे, झुंबर आहे, कमान आहे — अर्थिंग नाही! आणि याच माइकला उद्या तुमची नातवंडं हात लावणार आहेत श्लोक म्हणायला.

देवळामागं खड्डा खणायचा. तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा घालायचा, आणि माती लोटायची. वर गवत उगवेल. पाटी लावायला जागा नाही, पाहुण्याला दाखवायची सोय नाही. कोण देतं?

घाई नाही. टाळकऱ्यांनी टाळ खाली ठेवा. मी थांबतो.

...

तिकडं, खांबाला टेकून बसलेल्या आजींचा हात वर आला! या माउली, पुढं या. सांगा, नाव काय आपलं—

चुकलो, मंडळी. जीभच तशी वळते.

आजी, बसा. नाव नको.

रामा, मला दिसतं तेवढंच मी मोजतो. न दिसणारं तू सांभाळतोस, ते आम्हालाही थोडं सांभाळता येऊ दे. धरा रे टाळ!