बिनवासाची पूड

दीपा : चहा कधी गोठतो का, आई?

गोदूबाई : गारठा केवढा पडलाय. खोबऱ्याचं तेल नाय का गोठत?

दीपा : तेल गोठतं. चहा नाय गोठत. न्हायला जाताना अर्धा पेला ओट्यावर ठेवून गेले. केस धुऊन आले तर सगळा पेला थिजलेला. हलवला तर थरथरत होता, खरवसासारखा.

गोदूबाई : दूध नासकं असंल. टाकून दे. ये, ही टोपली घे पुढ्यात. बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकव नि टाक दोरीवर. आज तुला सुट्टी हाय, दोन हात जास्त हायत तर ऊन फुकट जायला नको.

दीपा : बोंबील राहू द्या घटकाभर. माझ्याकडे बघा. दोन वर्षं झाली मला कंपनीत, पॅकिंगच्या आधी कॅप्सूलच्या लाइनवर होते. त्या कॅप्सूलचं कवच कशाचं असतं ते मला ठाऊक आहे. गरम पाण्यात विरघळतं नि गार झालं की थिजतं. म्हणून मी शोधत बसले. मिठाची बरणी बघितली, मसाल्याचे डबे बघितले. तांदळाच्या डब्यात पार तळाला हे सापडलं.

गोदूबाई : ते होय. ते माझं हाय. गुडघ्यासाठी.

दीपा : वर लिहिलंय, केस आणि नखांसाठी. जिलेटिन. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, माशाच्या कातडीपासून. आई, तुमचे गुडघे माझ्या चहात आहेत का? बोला. कधीपासून घालताय?

गोदूबाई : दिवाळीपासून.

दीपा : रोज?

गोदूबाई : सकाळच्या चहात. एक चमचा. औषधवाल्या मेहुलनं एकच सांगितलेला. मागच्या महिन्यात हद्दीपलीकडच्या तुरुंगातून सुटणाऱ्या खलाशांची यादी येणार असं कळलं, तेव्हापासून मी दोन घालायला लागले. वाटलं, तो येईल तेव्हा तू जरा बरी दिसावीस. दोन झाले म्हणून थिजला असंल चहा. नायतर तुला कळलं नसतं.

दीपा : माझा नवस तुमाला ठाऊक नव्हता?

गोदूबाई : गावदेवीच्या पायरीवर तू बोललीस तेव्हा नारळ कोणी धरला होता? मीच ना.

दीपा : वामन दारात उभा राहीपर्यंत जीवाचं काही तोंडात घालणार नाय. मासा नाय, मटण नाय, अंडं नाय. असं बोलले होते मी. तीन वर्षं नि दोन महिने झाले. घरात बोंबील सुकतात, अंगणात कोलीम, ती बारीक सुकट, पसरते, माझे हात दिवसभर वासात, पण जिभेला लागू दिलं नाय. कंपनीतल्या बाया हसायच्या. कोळ्याची सून नि डब्यात रोज वाल. मी हसून घ्यायचे. मनात म्हणायचे, हसा, माझा नवरा येणार आहे. यादी आली. त्याच बोटीवर वामनबरोबर धरलेला महादू आला. वामनचं नाव नाय. मी रात्रंदिवस विचार करत होते, कुठं चुकलं माझं, कुठं चुकलं. आणि ते रोज सकाळी माझ्या पेल्यात होतं.

गोदूबाई : बस खाली.

दीपा : नाय बसायचं मला. तुमचा मुलगा आहे तो, आई. माझा नवरा नंतर, तुमचा मुलगा आधी. तुमाला तो यायला नको होता का?

गोदूबाई : असं बोलू नको गं पोरी. मार मला, पण असं बोलू नको.

दीपा : मग का?

गोदूबाई : सांगते. आधी तो बोंबील खाली ठेव, पार चुरगळलास. श्रावणात तू कामावरून आलीस नि काय न बोलता झोपलीस. दुसऱ्या दिवशी तुझ्याबरोबरची भाग्यश्री मला गाडीच्या थांब्यावर भेटली. तिनं सांगितलं. तुझं नख तुटून हातमोज्याच्या बाहेर आलं, मालात पडलं. साहेबानं सगळ्यांसमोर तुझी बोटं उलटीपालटी करून बघितली, नि हिंदीत बोलला, इसको पॅकिंग में भेजो, ये हाथ इधर नहीं चलेगा. तू मला बोलली नायस.

दीपा : काय बोलायचं त्यात.

गोदूबाई : मी तुझी फणी बघायचे. रोज पुंजका निघायचा, तू गुंडाळी करून चुलीत टाकायचीस. मला दिसू नये म्हणून. तुझ्या हळदीला मी गायले होते, आठवतं?

नवरीचे केस ओले, किती पिळू किती पुसू,
भरतीचं पाणी बाई, मुठीत कसं धरून बसू.

खोटं नव्हतं गायलं. तेवढे होते तुझे केस. आता एका चिमटीत मावतात. तुला पालघरला डॉक्टरणीकडे नेलं. ती बोलली, अंगात रक्त नाय. मासे खा, अंडी खा, पालेभाजी, डाळ. तू माझ्याकडे बघितलंस नि हसलीस. लोखंडाच्या गोळ्या दिल्या, तुला मळमळलं, दोन दिवसांत टाकून दिल्यास. मग मी एकटी परत गेले पालघरला. तू कामावर होतीस.

दीपा : एकट्या? तुमी कधी स्टेशनाच्या पलीकडे गेला नायत एकट्या.

गोदूबाई : गेले. मेहुलच्या औषधांच्या दुकानात गेले. त्याला विचारलं, केसांना नखांना असं काय हाय का, की देताना कळणार नाय. त्यानं ही पूड दाखवली. मी बोलले, ही कशाची? तो बोलला, मावशी, हाडांची, कातड्याची. मी बोलले, कोणाच्या? तर बोलला, गाईच्या, डुकराच्या. मी ती पिशवी परत सरकवली. मग बोलला, माशाची पण येते, मागवावी लागंल. आठ दिवसांनी परत गेले, घेऊन आले.

दीपा : म्हणजे माशाचीच पाहिजे असं सांगून आणलीत.

गोदूबाई : हो. मोडायचाच होता तुझा नवस, तर आपल्या दर्यातल्यानं मोडावा. परक्याचं पाप तुझ्या पोटात कशाला? पिशवी उघडली, हुंगून बघितली. दीपा, पन्नास वर्षं मी मासळीत हाय. डोळे झाकून सांगीन कुठला मासा, कालचा का परवाचा. या पुडीला वासच नाय. कुठला मासा होता, कोणी धरला, काय कळत नाय. मला वाटलं, मलाच कळत नाय, तर देवीला कशी कळंल?

दीपा : तिला कळलं.

गोदूबाई : कळलं असंल. रोज चमचा घालायच्या आधी मी तिच्याकडे तोंड करून बोलायचे, हिला ठाऊक नाय, हिला धरू नको, मला धर. माझं काय ते घे.

दीपा : तिनं तुमचंच घेतलं. तुमचा मुलगा घेतला. चुकले. तोंडातून गेलं.

गोदूबाई : जाऊ दे. मी पण मनात तेच बोलले होते, महादू गाडीतून उतरला तेव्हा. आज तुला एक सांगते. वामनला पण कधी सांगितलं नाय. तुझा सासरा वादळात हरवला तेव्हा मी पण नवस बोलले होते. असंच. वामन तेव्हा चार वर्षांचा, नि कडेवर तान्ही पोर. माई तिचं नाव ठेवलेलं. अकरा महिने मी मासा खाल्ला नाय. काय खायचे? भात नि मीठ. दूध आटलं माझं. सगळ्या बाया बोलायच्या, गोदू, खा, पोर सुकतेय. मी बोलायचे, तो येईल, मग खाईन. पोर गेली. तो पण आला नाय. दोन्ही गेलं.

दीपा : आई.

गोदूबाई : म्हणून घातली पूड. तुझं काय बरं झालं का त्यानं, ते पण मला ठाऊक नाय. डॉक्टरणीला विचारलं तर बोलली, आजी, या पुडीचा काय फार भरवसा नाय, तिला जेवू घाला. जेवू घाला. तेवढंच तर मला करता येत नव्हतं.

दीपा : बरं नाय झालं. बघा. हे आज सकाळी तुटलं, पार मांसापर्यंत.

गोदूबाई : दे इकडे हात. थांब, चिंधी बांधते. बोंबलाचं खारं पाणी झोंबंल त्याला.

(महादूची बायको लाडकी येते, डोक्यावर टोपली. दोघींना तशा बघून कुंपणाशीच थांबते.)

लाडकी : येऊ का? का मी मागनं येऊ?

गोदूबाई : ये गं. महादू उठला का?

लाडकी : उठला. चार दिवस नुसता झोपला काकी, मध्ये मध्ये उठून दार उघडं हाय का बघायचा. आज पहिल्यांदा बाहेर अंगणात बसला. दीपा, तू माझ्याशी बोलणार नसशील तर नको बोलू. पण मला त्यानं पाठवलंय.

दीपा : मी कशाला बोलणार नाय? तुझा माणूस आला, मला आनंदच आहे.

लाडकी : तो आनंद मला दिसतोय तुझ्या तोंडावर. मी चार दिवस तुझ्या दारात आले नाय, ते काय उगाच नाय. मी पण नवस बोलले होते. तुझ्या बाजूलाच उभी होते पायरीवर.

दीपा : ठाऊक आहे.

लाडकी : सव्वा महिना टिकले. मग शेजारी जवळा भाजत होते, त्याचा वास आला, नि मी उठून त्यांच्या चुलीशीच जाऊन बसले. उभ्या उभ्या दोन भाकऱ्या खाल्ल्या. नंतर लपून खायचे. नंतर तर लपवायचं पण विसरले. तू वाल खायचीस नि मी तुझ्यासमोर सुपारी चघळायचे, तोंडाचा वास जावा म्हणून. माझा आला. तुझा नाय आला. हे कसं काय, ते मला कोणी सांगेल का? मी देवीकडे जायला घाबरते. जाऊन काय बोलू?

गोदूबाई : काय बोलू नको. दिवा लाव नि ये.

दीपा : महादूनं कशाला पाठवलं तुला?

लाडकी : वामनचा निरोप हाय. दोघं एकाच बराकीत होते. तो बरा हाय, चालता बोलता हाय, दाढी वाढलीय, एवढंच. बाकी नाव यादीत का नाय ते तिथं कोणालाच कळत नाय. कोणाचं येतं, कोणाचं नाय.

दीपा : निरोप काय?

लाडकी : सांगते. तिथं रोज डाळ नि रोटी. संध्याकाळी दार लागलं की आपली माणसं गोल करून बसतात, नि एकेकानं सांगायचं, आज माझ्या घरी काय शिजलं असंल. कोण बोलतो भरलेलं पापलेट, कोण बोलतो चिंबोरी. पण वामनची पाळी आली की सगळे गप. महादू बोलला, तो पार पाट्यावर मसाला वाटण्यापासून सांगतो. दीपा चिंच कोळते, दीपा झाकण काढते. मग सगळ्यांना वाढतो. आईला मधला तुकडा. नि शेवटी तुला बसवतो. दाढा माशाचं डोकं तू कोणाला देत नायस, ते सांगतो. कसं फोडतेस, कसं चोखतेस, बोटं कशी चाटतेस, सगळं. परके लोक पण हसायचे. मग बोलतो, झालं, ती जेवली, आता झोपा रे.

गोदूबाई : रोज?

लाडकी : रोज. एक दिवस त्याला ताप होता, तो बोलला नाय, तर कोणाला झोप लागेना. महादूला निघताना वामन बोलला, तिला विचार, डोकं तिलाच मिळतं ना अजून? नि पत्र टाकायला सांग. उद्या पालघरहून मच्छीमार संघटनेचा माणूस येतोय पत्रं न्यायला. चार महिने लागतात, पण पोचतं बोलला. झालं माझं सांगून. रडू नको गं, मला पण येतं मग.

दीपा : तीन वर्षं तो मला रोज जेवू घालतोय.

गोदूबाई : हो गं पोरी.

दीपा : आणि नवस, आई? मला भीती वाटते.

गोदूबाई : मला पण वाटते. वाटू दे. आपण दोघी जाऊन बोलू तिच्याशी. आधी तू पत्र लिही. खुशाली लिही, घराचं लिही.

दीपा : काय लिहू? डोकं मलाच मिळतं, असं लिहू?

गोदूबाई : खोटं नको लिहू त्याला. लांब असला तरी त्याला कळंल.

दीपा : खोटं नाय लिहिणार. लाडकी, तुझ्या टोपलीत काय आहे?

लाडकी : दाढाच हाय. लहान हाय, पण ताजा हाय.

दीपा : दे इकडे. चूल पेटवा, आई. आधी जेवते, मग लिहिते.