बाटलीचं बारसं

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक विचारतो. लेकराचं नाव शूरसेन ठेवलं, म्हणून ते अंधारात एकटं परसात जातं का? नाही जात! आईला हाका मारतं. मग आपण नाव ठेवतो ते लेकराला, की आपल्या हौसेला?

असं बघा. सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीत एक औषध विकायला आलं. खोकल्यावरचं! ज्यांनी घेऊन पाहिलं, त्यांना म्हणे अंगात वीर संचारल्यासारखं वाटलं. तिकडच्या भाषेत वीराला शोभेल अशा गोष्टीसाठी एक शब्द आहे, त्यावरूनच नाव पडलं — हेरॉइन. होय, तेच! माणसं ज्याच्यापायी नाल्याकाठी पडलेली सापडतात, ते.

आता जर्मनी मी पाहिली नाही. मला आपली बोरदरी ठाऊक. तेव्हा बोरदरीचं ऐका.

बोरदरीत नारबा वैद्य. त्याची बहीण भामा, गावातच दिलेली. तिचा नवरा कोंडिबा — देवमाणूस, पण शेजारणीच्या कोंबड्याला भ्यायचा. कोंबडा दारात असला की हा मागच्या भिंतीवरून उतरायचा! त्यात खोकला. भामाच्या डोळ्याला डोळा लागत नसे. तिला एवढंच हवं होतं, की हा माणूस एकदा शांत झोपावा.

नारबानं रानातली कसली तरी बोंडं उकळून काढा केला. कोंडिबानं चमचाभर घेतला — खोकला गप! आणि घटकेनं हा उठला, थेट पाटलाच्या वळूपुढं जाऊन उभा राहिला.

"काय रं, वळखलंस का मला?"

वळूनं काही ओळखलं नाही. तो रवंथ करत खाली बसला. पण गाव म्हणालं, नमलं जनावर!

नारबा हरखला. "भामे, औषध माझं लेकरू. तू त्याची आत्या. नाव तूच ठेवायचं."

पाळणा बांधला. बाटलीला कुंची घातली. बायकांनी ती पाळण्याखालून-वरून फिरवली — कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या! तुम्ही हसताय, मावशी. तिथं कुणी हसलं नाही. भामा वाकली. बाटलीला कान कुठला? बुचाशीच तोंड नेलं. कुर्रर्र... "पराक्रम." तिच्या पाठीत धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या.

मग काय! ज्याला खोकला नव्हता त्यालाही झाला. सगळं गाव पराक्रमी. विहिरीचा दोर तुटला, तर तो जोडायला एक पराक्रमी मिळेना!

आणि कोंडिबा? चमचा गेला, वाटी आली. वाटी चुकली की घाम, कापरं, पोटात पीळ. एके दिवशी भामा पाण्याहून येते, तो हा नारबाच्या उंबऱ्यावर पालथा. पाठीवर शेजारणीचा कोंबडा उभा! कोंडिबाला त्याचा पत्ताच नाही. तोंडात एकच — "आणखी दे. नारबा, आणखी दे."

भामाला रडू फुटलं. "भ्यायचा तो माझा नवरा होता. ह्यो कोण?"

तिनं पाळणा पुन्हा बांधला. नारबा म्हणाला, "बारसं एकदाच असतं, भामे."

"आसंल. पर आत्या मी हाय. माझ्या तोंडून चुकलं, मीच सुधारनार."

वाकली. कुर्रर्र... "आणखी-दे." या वेळी घुगऱ्या नाहीत, धपाटे नाहीत. नारबाकडून कबूल करून घेतलं आणि गावाला बजावलं, खरं नाव घेईल त्यालाच बाटली मिळेल.

पाटील आले, फेटा बांधून. "नारबा, ते आपलं... ते हे..." चारचौघांत ते नाव काही तोंडून फुटेना. ओशाळून परत गेले. सबंध गाव तसंच परत गेलं. शेवटी नारबानंच बाटल्या उकिरड्यावर ओतल्या.

कोंडिबाला ते नाव घ्यायची लाज नव्हती, पण बाटलीच उरली नव्हती; महिनाभर तळमळला. भामानं त्याला धरून ठेवलं. मग एका पहाटे तिला ऐकू आला — खोकला! बाई हसली. तेवढ्यात दारात कोंबडा आरवला, आणि कोंडिबा मागच्या भिंतीवरून उतरला. त्या दिवशी भामानं घुगऱ्या वाटल्या.

तर मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. संध्याकाळच्या बाटलीला तुम्ही काय म्हणता? अंगदुखीचं औषध! तंबाखूला? पोट साफ व्हायला! कितीजणांच्या घरी असली बारशी झालीत? माना खाली घालू नका, मला वरून सगळं दिसतं.

त्या जर्मनीतल्या बाटलीचं नाव आजही वीराचंच आहे. घरं बसली, नाव उभं! तिथं कुणी भामाआत्या नव्हती. तुमच्या घरी आहे ना? मग तिला बोलू द्या.

उचला टाळ. म्हणा विठ्ठल! हे एवढंच नाव न तपासता घ्यावं.