दहाव्या दिवसाची हजेरी

बायनाबाई : खिडकी लावू नका, अप्पा. मी हाय. गिरणीच्या रिळिंग खात्यातली बायनाबाई, हजेरीचं तिकीट दोनशे चौदा.

मन्मथअप्पा : माय, तू! हळू बोल, हळू. कशी आलीस? यष्टीनं?

बायनाबाई : आमाला कोण बसू देतंय यष्टीत? चारठाण्याहून पायी आले, वढ्याच्या काठाकाठानं. पाटंच्या उजेडात निघाले ते आत्ता टेकले. फाट्यावर चौघं कुऱ्हाडी घेऊन हुते. ते हालस्तोवर गवतात पालथी पडून ऱ्हायले.

मन्मथअप्पा : मग परत जा बाई. तुला इथं बघितलं तर माझं बी काही खरं न्हाई. मी, गिरणीचा टाइमकीपर, बौद्धवाड्याला सामील हाय म्हणून बाजारात कुणीतरी बोललंय. तवापासून घरी बायको, आमची भागम्मा, घास गिळंना.

बायनाबाई : परत कुठं जाऊ? तिकडं मुंबईत सरकारनं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरवलं, अन् इकडं आमची घरं पेटवली. अंगावरच्या लुगड्यानिशी पळालो. गिरणीतली आमी वीस माणसं. बाकीचे एकोणीस चारठाण्याच्या शाळेत लपून हायत. गड्यांना वाटंत धरायलेत, बाईला सोडतेल म्हणून मी आले.

मन्मथअप्पा : फळ्यावरची नोटीस कळली का?

बायनाबाई : कळली म्हणून तर आले. न सांगता धा दिवस गैरहजर, तर नाव कमी. आज धावा दिवस हाय न्हवं? लिहा की, आमी जीव घेऊन पळालो, काम सोडलं न्हाई.

मन्मथअप्पा : साहेबाचा हुकूम हाय, यांच्यातलं कुणी आलं तर गेटावरूनच लावून द्या. हजेरीबुकात शब्द लिहायचा न्हाई.

बायनाबाई : म्हंजे मी आलेच न्हाई?

मन्मथअप्पा : असं बघू नको माझ्याकडं.

(युनियनचा सेक्रेटरी दत्तराव दारात येऊन उभा राहतो.)

दत्तराव : अप्पा, कुणासंगं बोलायलात? ... बायनाबाई? तू कशाला आलीस?

बायनाबाई : कामाला. दत्तराव, संपात एकवीस दिवस तुमच्या मागं गेटावर बसले. तुमीच म्हणत हुता, कामगाराला जात नसती.

दत्तराव : ते अलग. सध्या माहौल खराब हाय. तुमी आत आलात तर पोरं सुताचे साचे बंद करणार. अन् तुमच्या जागी उद्यापासून आमच्या गावचे वीस जण लागायलेत.

मन्मथअप्पा : उद्या? नावं तर अजून कमी झाली न्हाईत.

दत्तराव : आज होतेल की. अप्पा, खामखा मधी पडू नका. तुमच्या बी घराला लाकडाचंच दार हाय.

बायनाबाई : अप्पा, हजेरीबुक उघडलंत?

मन्मथअप्पा : उघडलं. दत्तराव, जरा बाजूला व्हा, उजेड येऊ द्या.

दत्तराव : काय लिहायलात?

मन्मथअप्पा : ऐका. 'अकरा ऑगस्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. तिकीट दोनशे चौदा, दुपारी पावणेतीनला गेटावर हजर. कामावर घेतले नाही. बाकी एकोणीस कामगार जिवाच्या भीतीने येऊ शकत नाहीत, असे तिने कळवले.' खाली माझी सही.

दत्तराव : फाडा ते पान.

मन्मथअप्पा : पानांवर नंबर छापलेले हायत. फॅक्टरी इन्स्पेक्टर एकेक बघतो. तुमाला फाडायचं तर हे घ्या, फाडा. कुणी फाडलं ते मी सांगीन.

दत्तराव : साहेबाला सांगतो मी. मग बघा, उद्या या खुर्चीत कोण बसतंय ते.

मन्मथअप्पा : सांगा.

बायनाबाई : गेला. आता?

मन्मथअप्पा : आज आत घेणार न्हाईत बाई. कदाचित महिनाभर न्हाई. पण काम सोडून गेले, असं आता कुणाला म्हणता यायचं न्हाई. इथं अंगठा लाव.

बायनाबाई : अंगठा कशाला? सही येती मला. द्या पेन.

मन्मथअप्पा : सावकाश. दोन रेघांच्या मधी कर.

बायनाबाई : झाली. जाते मी. अप्पा, लय धीराचे तुमी.

मन्मथअप्पा : कशाचा धीर? सुटीचा भोंगा होईस्तोवर बस इथं, माय. एकट्याला बसवत न्हाई.